कमी पडलेली शाल

मी फुकटचं काम करते, असं माझे वडील, आप्पा, सगळ्यांना सांगत असतात, आणि ते खरंच आहे. पुण्याच्या कंपनीची नोकरी उचगावच्या घरी बसून उरकली, की उरलेल्या वेळात मी एक प्रोग्राम लिहीत असते. साडीच्या काठाची नक्षी संगणकावर काढायची आणि यंत्रमागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्यांवर भोकं कुठं पाडायची ते प्रोग्रामनं सांगायचं, एवढंच त्याचं काम. तो कोणीही फुकट वापरावा, कोणीही उघडून दुरुस्त करावा, दुरुस्ती बरी असली तर मी मंजूर करावी, अशी उदार व्यवस्था होती. कोणीही म्हणजे कोणीच नाही, हे कळायला मला वर्ष लागलं.

अपवाद एकच, वडगावच्या आक्का. त्यांच्या घरी चार यंत्रमाग, आणि आई त्यांच्याकडून साड्या घ्यायची, तेवढीच ओळख. माझ्या प्रोग्राममधला पहिला मोर त्यांनी मागावर विणला आणि फोटो पाठवला. सोबत बोललेला निरोप होता, "बाई, तुझा मोर लंगडा हाय गं. पाय बघ त्याचा."

माझ्या स्क्रीनवर मोर ठणठणीत होता. मग त्यांनी न चिडता समजावलं, की कागदावरचा चौकोन सुतावर चौकोन राहत नाही. उभे धागे दाट, आडवे विरळ, आणि प्रत्येक सुताची तऱ्हा वेगळी. कुठल्या सुताला नक्षी किती ताणायची, याचे आकडे त्यांच्या एका वहीत होते. आक्का त्या पानांचे फोटो पाठवायच्या आणि मी ते आकडे प्रोग्रामच्या तक्त्यात भरायची. असं वर्षभर चाललं. मोर नीट चालू लागला. प्रत्येक बदलापुढे तो भरणाऱ्याचं नाव आपोआप लागतं. भरत मी होते, म्हणून नाव माझं लागत होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढे कुठंतरी वाचलं, की असले प्रकल्प एकट्यानं तगत नाहीत, नवी माणसं ओढून आणावी लागतात आणि आलेल्यांचं कौतुक करावं लागतं. मी जाहीर करून टाकलं, ज्याचा बदल मंजूर होईल त्याला टी-शर्ट. आठवड्याभरात बेळगावातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांची झुंबड उडाली. एकानं प्रोग्राममधल्या बटणाचा रंग निळा केला, दुसऱ्यानं तो परत हिरवा केला. दोघांनाही टी-शर्ट गेले. तिसऱ्यानं हातभार लावणाऱ्यांच्या यादीत स्वतःचं नाव घातलं, आणि तेवढाच त्याचा हातभार होता. मागाच्या तक्त्याकडे कोणी फिरकलं नाही. पण यादी लांबत चालली होती, आणि ती लांबलेली बघून मी खूश व्हायची.

त्याच सुमाराला वडगावचे विणकर रेशमी काठासाठी प्रोग्राम मागू लागले. रेशमाचे आकडे फक्त आक्कांच्या वहीत होते. "जरा पक्कं करून धाडते," त्या म्हणाल्या. ते आकडे आले तर प्रोग्राम शंभर मागांवर जाणार होता. नाही आले तर माझ्या स्क्रीनवरच राहणार होता.

यात आप्पा पडले. आप्पा निवृत्त मुख्याध्यापक. "टी-शर्टानं कुठं कौतुक हुतंय व्हय? सत्कार कर," म्हणाले. मलाही पटलं, कारण त्यात आक्कांचाही सन्मान झाला असता. आमच्या भागात सत्काराचा एकच नियम आहे: व्यासपीठावर चढलेला माणूस शालीशिवाय खाली उतरवायचा नाही. मी हिशोबानं आठ शाली आणल्या. प्रमुख पाहुणे दोन, पोरं पाच आणि आक्का.

कार्यक्रम वडगावातल्या एका मंगल कार्यालयात. कार्यालय फुकट दिलं म्हणून मालक वर आले. मालक आले म्हणून त्यांचे भाऊ आले. रस्त्यानं जाणारे एक माजी पुढारी गर्दी बघून आत आले आणि सवयीनं थेट वर जाऊन बसले. त्यांच्याबरोबरचे दोघेही बसले. भाषणं मराठीत झाली आणि मग कन्नडमध्ये झाली, म्हणजे जे एकदा ऐकवलं नसतं तरी चाललं असतं ते दोनदा ऐकावं लागलं. आक्का लवकर आल्या होत्या आणि मोकळ्या दिसत होत्या, म्हणून मी म्हटलं, "आक्का, जरा तबक धरता का?" त्यांनी धरलं. एकेक शाल उचलली जात होती, आणि पोरांच्या वाट्याला गुलाबाचं एकेक फूल आलं.

तबकात शेवटची शाल उरली. मला हायसं वाटलं, निदान आक्कांची शाल तरी वाचली. तेवढ्यात आप्पा माइकवर कडाडले, "आता ज्या लेकीनं हे सगळं उभं केलं, तिचा सत्कार! आणि तोही आपल्या वडगावच्या आक्कांच्या हस्ते!"

टाळ्या पडल्या. आप्पांच्या मते त्यांनी आक्कांचा मोठाच मान केला होता. आक्कांनी तबक टेबलावर ठेवलं, शाल उलगडली आणि माझ्या खांद्यावर घातली. 'ही तुमची आहे' हे तीन शब्द बोलायला कितीसा वेळ लागतो? मी मान वाकवली आणि फोटोसाठी हसले.

त्यानंतर महिनाभर वहीचं पान आलं नाही. मी निरोप पाठवले, ते वाचले गेल्याच्या निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. पोरांना रेशमाबद्दल विचारलं, तर एकानं उत्साहानं बटणाचा रंग बदलून पाठवला.

शेवटी शाल पिशवीत घालून मी वडगावला गेले. आक्कांनी ती दोन बोटांत चोळून बघितली. "पॉलिस्टर हाय," म्हणाल्या आणि परत दिली. "शालीचं काय वाटलं न्हाय गं मला. सुनेनं मोबाईलवर तुझी यादी दावली. लई लोकं हाईत. बटण रंगवलेलं बी हाय. मी कुठं हाय त्यात?"

"तुमचे आकडे माझ्या नावावर लागलेत," मी सांगितलं. सांगताना इतकी शरम वाटली की मान वर होईना.

"मग रेशमाचं बी तुझ्याच नावावर लागणार?"

आक्कांनी कपाटावरून वही काढली. "फोटो न्हाय धाडणार आता. माझ्या हातानं घालीन."

मी लॅपटॉप उघडून दिला. चार माग खडखडत होते आणि आक्का एका बोटानं आकडे भरत होत्या. तास-दीड तास गेला. त्यांचं झाल्यावर मी सगळं बघितलं आणि जागच्या जागी मंजूर केलं. स्क्रीनवर नाव उमटलं. लॅपटॉप माझा, म्हणून नाव माझं.

आक्कांनी चष्मा वर केला. "हितं बी तूच काय गं?"

"नुसतं नाव बदलता येतं, आक्का. आकडे तसेच राहतात," मी घाईनं म्हटलं.

"नगं. चुकलेलं इणकाम आमी उसवतो. पूस सगळं."

मी पुसलं. या खेपेला आधी त्यांच्या नावाचं खातं काढलं आणि मग लॅपटॉप त्यांच्यापुढं सरकवला. आक्कांनी पहिल्या आकड्यापासून पुन्हा सुरुवात केली. अर्ध्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वहीत बघितलं, स्क्रीनवर बघितलं.

"मगाशी मोराच्या पायाला मी काय घातलतं गं? पंधरा घातलं वाटतं. बारा पायजे."

पुसलेलंही जुन्या नोंदीत राहतं, म्हणून मी तो तक्ता पुन्हा काढून बघितला. पंधराच होते. त्याखाली लिहिलेलं होतं: तपासून मंजूर. आणि पुढे माझं नाव.