ठसक्याची ओळ

गंगाबाईशिवाय कोळीवाड्यात कुणाला हळद लागत नसे. ती धवलारीण; लग्नाचे सगळे विधी तिच्या धवल्याच्या गाण्यांवर चालायचे. आवाज खणखणीत, तोंड त्याहून खणखणीत. खोट एकच. ‘लेक निंगाली मांडवातून, माय रायली दारात’ या ओळीला सूर लांबवायचा असतो आणि तिथेच तिला ठसका लागायचा. तरुणपणापासून बिडी ओढल्यावर दुसरं काय होणार? मग मागच्या बाया ओळ उचलायच्या. इतकी वर्षं उचलली, की धवला असाच असतो अशी लोकांची समजूत झाली.

झोपेचं तर पार खोबरं झालं होतं. त्याचं खापर ती न्हावा शेवा बंदराकडे रात्रभर धडधडत जाणाऱ्या ट्रेलरांवर फोडायची. जाग आली की झोप यावी म्हणून बिडी पेटवायची आणि मग टक्क जागी राहायची. नात किशोरी पनवेलला नर्स आहे. ट्रेलर नाही, बिडीच झोपू देत नाही, असं तिने सांगितलं तेव्हा गंगाबाईला भलताच राग आला. तिला खोटं पाडायला ती करंजाड्याला लेकीच्या, म्हणजे किशोरीच्या आत्याच्या फ्लॅटवर राहायला गेली. तिथे ट्रेलर नव्हते. झोपही नव्हती. बाई मुकाट्याने परत आली.

तेवढ्यात किशोरीचं लग्न ठरलं. आईवेगळी पोर, गंगाबाईनेच वाढवलेली. तिच्या हळदीत ती ओळ तरी आपल्या तोंडून पुरी व्हावी, एवढंच म्हातारीला हवं होतं. तिने बिडी सोडली. सुरुवातीला होती तीही झोप उडाली. मासळी बाजारात ती गिऱ्हाइकांवर अशी खेकसायची, की शेजारच्या कोळणी तिला बिडी ओढ म्हणून विनवू लागल्या. तिने ऐकलं नाही.

हळदीच्या संध्याकाळी डीजे दणाणत होता आणि गंगाबाई मांडवाच्या खांबाला टेकून चक्क घोरत होती. धवल्यावाचून हळद अडली. नवऱ्याकडची माणसं चुळबुळू लागली. कुणीतरी तिला हलवायला पुढे झालं, तर किशोरीने त्याचा हात धरला.

“नाय उठवायची. जल्मात पयल्यांदा आजीला निजलेली बगतंय मी.”

नवरीने डीजेही बंद करायला लावला. सगळा मांडव गप्प बसून राहिला.

त्या शांततेनेच गंगाबाईला जाग आली. उठवलं नाही म्हणून तिने सगळ्यांना शिव्या घातल्या, पदर सावरला आणि धवला धरला. ती ओळ आली. सवयीने बायांनी उचलायला तोंडं उघडली. पण ठसका आलाच नाही. ‘माय रायली दारात’ म्हणत गंगाबाईने सूर मांडवाबाहेरपर्यंत नेला. बाया तशाच राहिल्या. आजीला ती ओळ एका दमात पुरी करताना किशोरी प्रथमच ऐकत होती, आणि तिला रडू आवरेना.