हंड्यावरचं गाव

इंदिरानगरच्या लायब्ररीत मुलांना जुन्या वस्तूंवरून इतिहास शिकवणार आहेत, म्हणून नातीला आमचा तांब्याचा हंडा न्यायचाय. सून तो चिंचेनं घासायला बसली. तो आंबट, तांब्याचा वास आला आणि मी ओरडलोच, "हात लावू नकोस त्याला!"

माझ्या लहानपणी, त्या सकाळी, असाच वास होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळले होते. मरायच्या आत आईच्या हातून मूळ गावच्या देवीची ओटी भरायची, एवढा एकच हट्ट. पण गावाचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते होतं फक्त पणजोबांच्या या हंड्यावर कोरलेलं.

अप्पा बोटांनी त्या अक्षरांत तांदळाचं पीठ भरत होते. गळ्याशी पणजोबांचं नाव पांढरं उमटलं. खाली 'मु.' उमटलं, म्हणजे मुक्काम. त्यापुढं, फुगीर पोटावर, नुसतं गुळगुळीत तांबं.

"वाच की रे! दोन इयत्ता शिकलास ना?"

"येतंय मला वाचायला, अप्पा. तिथं अक्षरच नाही."

"आहे. थोडं पीठ आण अजून."

आई दारात उभी होती. रोज घासून तिनं हंडा लखलखीत ठेवलेला, गल्लीभर त्याचं कौतुक. ती म्हणाली, "मीच घासून टाकलं हो तुमचं गाव."

तेव्हा मला तिचा राग आला होता. आता तिचे चिंचेनं चिरलेले हात दिसतात. अप्पांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. ते त्या गुळगुळीत तांब्यावर पीठ चोळत राहिले, आणि पीठ कुठंच ठरत नव्हतं.