जाकड आणलेले शॉकअप

आमच्या जीपचे मागचे शॉकअप घरातल्या बायकांनी पसंत केले. मी ते फक्त आणले आणि बसवले. पुढे जे झालं त्याचं खापर मात्र माझ्याच डोक्यावर फुटलं.

जीप मी एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. तिला चार चाकं होती आणि ती चालत होती, याहून जास्त तिच्याबद्दल चांगलं बोलणं अवघड आहे. मी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात नोकरीला. आमच्या पंचवटीतल्या गल्लीचा असा समज होता, की मी विमानं बनवतो. (मी टाइम ऑफिसात होतो. विमानं बनवणाऱ्यांची हजेरी घ्यायचो. पण गल्लीचा समज मोडण्यासारखं माझ्या हातून कधी काही घडलं नाही.) त्यामुळे विमानवाल्याला जीप म्हणजे काय, डाव्या हातचा मळ, असं सगळ्यांनी धरून चालायचं, आणि हळूहळू मीही धरून चालायला लागलो.

जीप घेतली ती आईसाठी. आईचं माहेर नामपूर. तिची कंबर धरल्यापासून एसटीचा प्रवास बंद झाला आणि एसटी बंद म्हणजे माहेर बंद. तिकडे मामा थकत चालले होते. कोणी नामपूरकडचं भेटलं की आई आधी विचारायची, "आमचा भाऊ दिसतो का बाहेर ओट्यावर?" दिसतो म्हटलं की तिचा दिवस बरा जायचा. एकदा एक जण म्हणाला, "हल्ली नाही दिसत." त्या रात्री आई जेवली नाही. सकाळी मला म्हणाली, "सुधाकर, तुझ्या त्या गाडीत मला घालून ने. मोडले तर मोडले."

पण गाडी खरंच मोडण्यासारखी होती. मागचे दोन्ही शॉकअप कामातून गेले होते, तेल गळून पार कोरडे. खड्ड्यात चाक गेलं की जीप पुढच्या खड्ड्यापर्यंत उड्याच मारत राहायची. आईला न्यायचं तर ते बदलायलाच हवे होते.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या दुकानदाराने दोन प्रकारच्या जोड्या दाखवल्या. एक साधी, एक जाड. "ही बघा, लोडला एक नंबर," जाड जोडी ठोकत तो म्हणाला. मला वाटलं, मालाची तारीफ करतोय. तरी ठरेना, तेव्हा तो म्हणाला, "जाकड घेऊन जा ना साहेब. घरी बघा, पसंत पडेल ती ठेवा, दुसरी परत आणा." आमच्याकडे साड्या अशाच यायच्या. पाच साड्या जाकड आणायच्या, घरच्यांनी आणि शेजारच्यांनी हात फिरवून बघायच्या, एक ठेवायची. शॉकअपही तसे आणावेत यात मला काही वावगं वाटलं नाही.

माझ्या बायकोने, सुमनने, पलंगावर जुनी चादर अंथरून दोन्ही जोड्या मांडल्या. शेजारच्या दोघी-तिघी आल्या. आईने साधा शॉकअप जमिनीवर उभा धरून दाबला. तो मुकाट्याने खाली गेला.

"मऊ लागतोय गं," आई म्हणाली.

"मऊच आहे," शेजारीण म्हणाली. "टिकायचा नाही."

मग जाड शॉकअप दाबून पाहिला. तो हलेना. सुमनने दोन्ही हातांनी दाबला, हलेना. मी सगळा भार टाकून दाबला, तेव्हा कुठे बोटभर गेला.

"याच्यात जीव आहे," आई म्हणाली. "हाच ठेव."

विमान बनवणाऱ्या माणसाने या वेळी चार शब्द बोलणं गरजेचं होतं. ते मी बोललो. म्हणालो, "मीही तेच म्हणणार होतो."

रविवारी गल्लीतच जीप उचलून कामाला लागलो. जुने नट गंजून एकजीव झालेले. रॉकेल ओतलं, पाना लावला, पान्यावर लटकलो, सगळं झालं. शेवटी हातोडा सापडेना म्हणून सुमनने वरवंटा आणून दिला. त्या घावाला नट सुटला. (पुढे आठवडाभर चटणीला रॉकेलचा वास येत होता आणि आई तो विषय जेवताना रोज काढत होती.) संध्याकाळपर्यंत दोन्ही शॉकअप बसले. आईने चाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पुढे माझ्याशेजारी बसली. म्हटलं, गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, एक फेरी मारून आणू.

गल्लीच्या कोपऱ्यावर पाण्याच्या नळासाठी खोदून बुजवलेला एक चर होता. त्यावरून मागची चाकं गेली. आधी जीप निदान उड्या तरी मारायची, आता तिने धोंड्यावर धोंडा आपटावा तसा खालून एकच रट्टा दिला. आईने डोळे मिटले.

"थांबव," ती म्हणाली.

ती उतरली, कमरेवर हात ठेवून भिंतीपाशी उभी राहिली. मी म्हटलं, "नवे आहेत ना, सैल होतील." पदराने डोळे पुसून ती घराकडे चालत गेली आणि मी जीप तिच्या मागे मागे पहिल्या गिअरमध्ये नेत राहिलो.

दुकानदार म्हणाला, बसवलेला माल परत होत नाही. बरोबरच होतं त्याचं; नेसलेली साडी कोण परत घेतं?

मग एके दिवशी मी कामावर जीप नेली होती. सुटताना सहा जणांची कारखान्याची बस चुकली, म्हणून मी त्यांना जीपमध्ये मागे कोंबून ओझरहून नाशिकला आणलं. आणि काय सांगू, जीप अशी चालली की मी दोनदा खाली उतरून चाकं बघितली. लोडला एक नंबर म्हणजे काय, ते तेव्हा डोक्यात शिरलं. मागे वजन असलं की ती गाडी माणसासारखी वागायची.

घरी येऊन आनंदाने सांगितलं. "सोपं आहे. मागे वाळूची पोती टाकू."

"माहेरी मी वाळू घेऊन जाऊ?" आई म्हणाली. "इतक्या वर्षांनी जाणार, आणि दारात पोती? गाव म्हणेल, बाईने बांधकाम काढलं."

"मग माणसं नेऊ."

"धर्मशाळा आहे का भावाकडे? आजारी माणूस आहे तो. एखादं माणूस चालेल."

एका माणसात काम भागेल असं वजन कोणाचं, यावर आम्ही तिघं विचार करत बसलो. मग सुमन हळूच म्हणाली, "दाजी."

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, मंदाचे यजमान. इगतपुरीला रेल्वेत. दाजी टांग्यात बसले की घोडा मान वळवून मागे बघायचा. अडचण एकच होती. आमच्या मुलाच्या बारशाला गडबडीत दाजींना दुसऱ्या पंगतीला बसवलं गेलं होतं आणि तेव्हापासून ते आमच्या घराची पायरी चढले नव्हते. जावयाला दुसऱ्या पंगतीला बसवणं काय असतं ते वाचकांना सांगायला नको.

मी इगतपुरीला गेलो. पाऊस असा, की दाजींनी दार उघडलं नसतं तर वाहूनच गेलो असतो. त्यांनी उघडलं, पण या म्हणाले नाहीत. मी दारातूनच सांगितलं, "दाजी, नामपूरच्या मामांनी तुम्हाला मुद्दाम जेवायला बोलावलंय. लग्नानंतर त्यांच्याकडे तुमचं जेवण राहूनच गेलं. आई म्हणते, जावईबापू नसतील तर मी जाणार नाही."

शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं.

दाजींचा चेहरा बदलला. "आई म्हणाल्या असं?" त्यांनी विचारलं आणि आत वळून मंदाला चहा टाकायला सांगितला. तो चहा मला जड गेला.

निघायच्या दिवशी मी आईला बजावलं, "वजनाचं काही बोलू नकोस हं."

"मला कळत नाही का?" आई म्हणाली.

दाजी इस्त्रीचा शर्ट घालून मागे बरोबर मधोमध बसले. (मधोमध मी बसवलं. म्हटलं, हवा छान लागते.) पिंपळगाव गेलं, देवळा गेलं, सटाणा आलं. खड्डे आले आणि गेले. आई बाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "ज्वारी चांगली आहे यंदा." कमरेबद्दल अवाक्षर नाही. मला गाडी चालवताना गाणं म्हणावंसं वाटत होतं.

मामा ओट्यावर नव्हते. आत खाटेवर होते. आईला बघून उठून बसायला लागले, ती जवळ गेली, आणि दोघांनी एकमेकांचे हात धरून जे काही केलं त्याला रडणं म्हणायचं की हसणं, मला ठरवता आलं नाही. मी आणि दाजी बाहेर येऊन चुलीवरच्या खापराकडे बघत उभे राहिलो. मामी मांडे करत होती.

पहिली पंगत बसली. पहिला पाट दाजींचा. मामाही हट्टाने उठून शेजारी बसले आणि आईला अहिराणीत म्हणाले, "तू कशी उनी वं इतली लांब? कंबर कशी शे आते?"

"सगळी जावईबापूंची कृपा," आई कौतुकाने म्हणाली. "ते मागे बसले म्हणून गाडी दबली. नाही तर सुधाकरने असलं काही बसवून ठेवलंय, की रिकाम्या गाडीत माणूस जगायचा नाही. एवढं वजन दुसऱ्या कोणाचं आणणार?"

दाजींचा हात मांड्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मामांचं बोलावणं होतं म्हणालात ना?"

"माले तं काहीच माहीत नही," मामा प्रामाणिकपणे म्हणाले.

मी वाटीतल्या आमटीकडे बघत राहिलो. दाजींनी ताट दोन बोटं पुढे सरकवलं. आता हा माणूस उठणार, एसटी धरणार, आणि मंदाचं माहेर कायमचं तुटणार, हे मला लख्ख दिसत होतं.

आई उठली. मामीच्या हातातलं तुपाचं भांडं घेऊन दाजींसमोर येऊन बसली. तिला खाली बसायला वेळ लागला.

"जावईबापू, फसवून आणलं तुम्हाला, खरं आहे," ती म्हणाली. "पण माझा भाऊ थकला आहे. तुम्ही बसला नसतात तर मला तो दिसला नसता. राग धरायचा तर माझ्यावर धरा. फक्त परत जाताना बसा, कारण मला परत जायचंय."

दाजींनी ताट पुन्हा जवळ ओढलं.

"वाढा, आई," ते म्हणाले. "रिकाम्या पोटी माझा काय उपयोग?"

त्या दिवशी दाजी जे जेवले ते बघून मामाही चार घास जास्त जेवले. आणि पुढे दाजीच निरोप पाठवायला लागले, "आईंना नामपूरला कधी जायचंय?" मामा होते तोवर आई भावाला पुष्कळदा भेटली. साधे शॉकअप आणून बसवावेत असं मी एकदा सुचवलं, तर आईने साफ नाही म्हटलं. म्हणाली, "मग जावईबापू कशाला येतील?"

त्याच काळात दाजी गाडी शिकले. मी शोधून शोधून खड्ड्यात गाडी घालतो असं त्यांचं मत होतं. एकदा नामपूरला निघताना ते गाडी चालवायला बसले, शेजारी आई, आणि वजनाला मागे मला बसवलं. पिंपळगावापर्यंत आईने तीनदा ‘आई गं’ केलं. दाजींनी गाडी थांबवली, माझ्याकडे वळून एकदा नीट बघितलं आणि बाजारातून कांद्याची एक गोणी घेऊन माझ्याशेजारी ठेवली.

"आता कशी बसली गाडी," आई म्हणाली.

मामांच्या दारात गोणी उतरवून घ्यायला चार माणसं धावली. मी आपला आपणच उतरलो.