नोरीनच्या हातचं पिस्तूल

डेलबर्ट स्टोडार्डला बंदुकांची आवड होती म्हणणं म्हणजे माशाला पाण्याची आवड आहे म्हणण्यासारखं. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्याच्या गावात घरोघरी रायफली, पण त्या धरायला शिकवलं डेलनं, चर्चच्या तळघरात, बापांना आणि पुढे त्यांच्या पोरांनाही. "प्रत्येक बंदूक भरलेलीच असते, तुझा बाप रिकामी म्हणाला तरी," हे त्याचं वाक्य गावाला तोंडपाठ. गडी तितकाच हेकट. सरकार बंदुकीवर नवा कायदा आणतंय अशी नुसती कुणकुण लागली, की हा सभेत उभा. आणि कुणी खाली ओढल्याशिवाय बसायचा नाही.

अशा माणसाच्या घरात त्याच्या बायकोनं बोटाचा ठसा ओळखणारं पिस्तूल आणलं. नोरीन शाळेची बस चालवायची. डेल एल्क हरणांच्या शिकारीला डोंगरात गेला की ती घरी एकटी. त्यात नातवंडं यायला लागली, आणि त्यांचे हात प्रत्येक खणात. हे पिस्तूल तिनं धरलं की मुठीवर हिरवा दिवा लागायचा. दुसऱ्या कुणी धरलं तर लाल. मग चाप कितीही ओढा, गोळी सुटणार नाही.

"चार्जिंगची बंदूक!" डेल पोट धरून हसला. "चोराला काय सांगशील, बस जरा, बॅटरी भरतेय?"

"तुझी जीभ चालते ना बिनबॅटरीची, तेवढं पुरे आहे या घराला. ये इकडे, तुझंही बोट घालून ठेवते."

"माझं? यंत्रात? उद्या कुणी कुठूनतरी बटण दाबून माझीच बंदूक बंद पाडेल. मेलो तरी देणार नाही!"

"नको देऊस. मी आधी गेले तर बस मग लाल दिवा बघत."

त्यावर दोघंही हसले होते.

आणि तीच आधी गेली. गेल्या वर्षी मार्च महिन्यात, बस लावून घरी येताना, हृदय थांबून. डेलनं त्याच दिवशी पिस्तुलातल्या गोळ्या काढून वेगळ्या ठेवल्या. नियम तो नियम. पण त्यानंतर दर रविवारी चर्चमधून आला की कॉफी ठेवायचा आणि ते पिस्तूल चार्जिंगला लावायचा. ज्या बॅटरीची आयुष्यभर टिंगल केली, तिची हा म्हातारा आता बाळासारखी काळजी घ्यायचा. भरली की मुठीवर बोट ठेवायचा. लाल. तू ती नाहीस. त्याला बरं वाटायचं. बँकेनं तिचं नाव काढलं होतं, शाळेनं तिची बस दुसऱ्याला दिली होती. या एका वस्तूला मात्र अजून तीच हवी होती, दुसरं कुणी चालत नव्हतं. डेललाही तीच हवी होती. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत.

या वसंतात मुलगी आली, शॉना. घटस्फोटानंतर ती दोन पोरांना घेऊन दूर माळावर राहायची. शेरीफची गाडी पोचायला तास लागतो तिथे.

"डॅड, आईचं पिस्तूल मला दे."

"माझी कुठलीही रायफल ने. दोन ने."

"रायफल कपाटात कुलपात ठेवायची, तूच शिकवलंस. मला हाताशी लागेल असं हवंय, आणि पोरांच्या हातात मुकं राहील असं. ती कंपनी आता बनवत नाही."

"मग घाल तुझं बोट."

"नुसतं नाही घालता येत. आईचं बोट लागतं त्याला. नाहीतर आतलं सगळं पुसावं लागेल. मी विचारलंय कंपनीला."

डेल खिडकीशी गेला. पोरीचं चुकत नव्हतं. हेच तर तो जन्मभर सांगत आला होता, आणि आज त्याच्याच घरात ते कुणीतरी ऐकलं होतं. ऐकायला नको होतं असं त्याला मनापासून वाटलं.

"पुसायचं तर मी पुसतो," तो शेवटी म्हणाला.

शॉनानं कंपनीनं दिलेले आकडे सांगितले, त्यानं पिस्तुलाच्या बटणांवर एकेक दाबला. दिवा लुकलुकला आणि विझला. त्यानं मुठीवर बोट ठेवून पाहिलं. लालसुद्धा लागला नाही.

मग त्यानं पिस्तूल उघडून रिकामं दाखवलं आणि पुढे केलं. त्याच्या वर्गात बंदूक हातातून हातात द्यायची एकच रीत होती. घेणाऱ्यानं घट्ट धरायचं आणि थँक्यू म्हणायचं. तो शब्द कानावर आला की देणाऱ्यानं तत्काळ सोडायचं. त्यात चुकलेल्या कित्येक पोरांना डेलनं नापास केलं होतं.

"थँक्यू, डॅड," शॉना म्हणाली.

त्याचा हात सुटला नाही.

"डॅड, मी धरलंय. थँक्यू म्हटलं मी."

"ऐकलं गं," तो म्हणाला. "इतके दिवस हे आणि मी, दोघं तिची वाट बघत होतो. आता मी एकटा."

शॉनानं ओढलं नाही. ती तशीच धरून उभी राहिली, त्याचा हात सुटेपर्यंत.