अठराशे त्र्याण्णवचा डॉलर

नोकरीत हाताखालून गेलेल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. केरीच्या त्या डॉलरची केस तेवढी मिसळत नाही. ती आठवली की त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

तेव्हा मी पेडणे तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. मोपाचा विमानतळ नुकताच सुरू झाला होता आणि आमचा निम्मा दिवस टॅक्सीवाल्यांची भांडणं सोडवण्यात जात असे. अशाच एका सकाळी केरीचे एक वृद्ध गृहस्थ मुलाचा हात धरून ठाण्यात आले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, मुठीत गाठ मारलेला रुमाल. बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला आमच्याकडे तारवटी म्हणतात. हे तसे जुने तारवटी. त्यांनी रुमाल सोडून माझ्या टेबलावर चांदीचा एक मोठा डॉलर ठेवला.

“साहेब, ह्यो डॉलर माजो न्हय. माजो खरो डॉलर घरातल्या माणसानं बदललो.”

हकीगत अशी होती. बोटीवर असताना त्यांना अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर जमवण्याचा नाद लागला होता. एका बाजूला बाईचं मुख, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. संग्राहक त्यांना मॉर्गन डॉलर म्हणतात. नाणी सगळी सारखीच दिसतात. किंमत ठरते ती वरच्या सनावर आणि गरुडाच्या खाली कोरलेल्या टांकसाळीच्या अक्षरावर. १८९३ सन आणि खाली ‘एस’ हे अक्षर, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं नाणं, हे त्या मालिकेतलं सर्वांत दुर्मिळ समजलं जातं. तसलं एक आपल्याकडे आहे, हे म्हाताऱ्यांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. मुलगा मोपाला दुसऱ्याची टॅक्सी चालवत होता. त्याला स्वतःची गाडी घेऊन द्यावी म्हणून ते नाणं घेऊन पणजीच्या एका व्यापाऱ्याकडे गेले. व्यापाऱ्याने भिंग लावलं आणि नाणं परत सरकवलं. ‘एस’ अक्षर वरून चिकटवलेलं आहे, म्हणाला.

“संशय कोणावर?” मी विचारलं.

“सुनेवर. तिचो भाव डिचोलीत सोनारकाम करता. अक्षर चिकटवप त्याच्या हातचो मळ.”

मुलगा शेजारीच बसला होता. तो जमिनीकडे बघत राहिला. फिर्यादीत घरच्या माणसाचं नाव घालण्यापूर्वी विचार करा, असं मी म्हाताऱ्यांना समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. फिर्याद नोंदवली, नाणं पंचांसमोर सीलबंद केलं आणि तपास सुरू केला.

डिचोलीच्या बाजारात आमचा एक खबऱ्या होता, चहाचं दुकान चालवणारा. दोन-तीन दिवसांत त्याचा फोन आला. “साहेब, त्या सोनाराच्या पेटीत अमेरिकेचो रुप्याचो डॉलर आसा. मी डोळ्यांनी पळयलो.”

आम्ही लगेच गेलो. सोनार, म्हणजे सुनेचा भाऊ, शेगडी फुंकत बसला होता. त्याने पेटी स्वतःच उघडून दाखवली. डॉलर होता, पण १९२१ चा. “बहिणीचो,” तो म्हणाला. “भाच्याच्या गळ्यात घालूक कडी लाव म्हणून दिलेलो. लग्नात तिच्या मामांनीच दिलो.” मामा म्हणजे तिचे सासरे.

आम्ही तो जप्त केला. बाईला ठाण्यात बोलवता येत नाही, म्हणून महिला हवालदार घेऊन मी केरीला घरी गेलो. ओटीवर सासरे, नवरा, सून, सगळे होते. सून तिशीच्या आतली. पदराला हात पुसत बाहेर आली, खुर्चीवर बसली नाही. डॉलर पाहताच म्हणाली, “होय, माजोच. उंबरठो ओलांडून आयले, पाया पडले, तेव्हा मामांनी हातार ठेवलो. सगळ्यांच्या समोर.”

मी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते तटकन उठून उभे राहिले. “मी कोणाक कायेक दिवक ना. ह्योय चोरलेलोच.”

ते खोटं बोलत होते. इतकी वर्षं माणसांचे जबाब घेतल्यावर ते कळतं. पण मला कळून भागणार नव्हतं. मी मुलाला विचारलं, “तुझ्या लग्नातली गोष्ट आहे. वडिलांनी दिला होता का?”

तो वडिलांकडे बघू लागला. मग माझ्या बुटांकडे. 

“माका याद ना, साहेब.”

सून एकदाही रडली नाही. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं आपण कधीतरी भेटलेल्या माणसाचं नाव आठवताना पाहतो. मग आत गेली, मुलाचे कपडे पिशवीत भरले आणि त्याला कडेवर घेऊन बाहेर आली. “साहेब, माजो जबाब झालो? मग मी डिचोलीक वयता. बोलवशात तेव्हा येयन.” मी थांबवू शकत नव्हतो; तिला अटक नव्हती. नवरा पायरीपर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

तपास पुढे चालू राहिला. पणजीत नाण्यांचे एक जुने संग्राहक होते. न्यायालयाच्या परवानगीने सील उघडून नाणं मी त्यांना दाखवलं, आणि म्हाताऱ्यांचा बाकीचा संग्रहही. ते बराच वेळ भिंगातून पाहत होते.

“अक्षर चिकटवलेलं आहे, यात शंका नाही,” ते म्हणाले. “वाईट याचं वाटतं, की मुख्य टांकसाळीचं, मुळातच अक्षर नसलेलं १८९३ चं नाणंही सहज मिळत नाही. चांगल्या नाण्याचा कुणीतरी नाश केला.” १९२१ च्या डॉलरला ते हसले. लोक त्याला भलती किंमत सांगतात, म्हणाले, पण त्या साली ते ढिगाने पाडले होते. मग त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीची, ‘ओ’ अक्षराची दोन नाणी वेगळी काढली. “या सालांना कोणी विचारत नाही. झिजलेली कुठेही मिळतात, पण न वापरलेली, मूळ झळाळीची शोधायला जा, मिळत नाहीत. ही तशी होती.”

“होती?”

“कुणीतरी चिंच लावून घासली आहेत. आता फक्त चांदीचा भाव.”

दर दिवाळीला सगळे डॉलर घासून लख्ख करतो, हे म्हाताऱ्यांनी मला अभिमानाने सांगितलं होतं.

नाणं बनावट होतं हे ठरलं. ते बदललेलं होतं की नाही, हा प्रश्न राहिला. त्याचं उत्तर त्याच नाण्याच्या कडेला होतं. आपला खरा डॉलर एकदा बोटीच्या लोखंडी डेकवर पडला आणि बाईच्या मानेखाली कडेला खाच पडली, असं फिर्यादीतच लिहिलं होतं. आमच्याकडच्या नाण्यावर नेमकी तिथेच खाच होती, गुळगुळीत झालेली, घासूनही न निघालेला जुना मळ बसलेली. म्हाताऱ्यांबरोबर नोकरी केलेले एक तारवटी मांद्र्यात राहत होते. त्यांच्याकडे गेलो. नाणं हातात घेताच ते म्हणाले, “ह्योच तो. पडलो तेव्हा मी बाजूकच होतो.”

“घेतला कुठे होता त्यांनी?”

“दुकानात न्हय. धक्क्यावरच्या एका बारात, एका गोऱ्याकडे. आम्ही तेव्हाच सांगितलेला, एवढो सवाय, इतको स्वस्त कोण दिता? तो आमच्याशी बोलायचाच बंद झालो.”

चोरी झालीच नव्हती. म्हातारे तरुणपणी परक्या बंदरात फसले होते आणि ती फसवणूक त्यांनी आयुष्यभर जपली होती. मी मुलाला एकट्याला बोलावून पुन्हा विचारलं. “दिलो होतो, साहेब. माज्या समोरच दिलो,” एवढं बोलून तो हमसून रडला. गैरसमजातून दिलेली फिर्याद, असा अंतिम अहवाल मी न्यायालयात पाठवला.

मुद्देमाल परत करायला म्हाताऱ्यांना बोलावलं. मी सगळं समजावून सांगितलं, खाच दाखवली. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. तो अंगठा खाचेपाशी थांबला. ओळख पटली, हे मला दिसलं. तरीही नाणं खाली ठेवून म्हणाले, “ह्यो माजो न्हय.” ते उठून गेले, पुन्हा आले नाहीत. त्याच वर्षी वारले. सून तेव्हाही केरीला गेली नाही.

अहवाल मंजूर झाल्यावर मी तिचा डॉलर परत करायला डिचोलीला गेलो होतो. तुमच्यावर काही ठपका नाही, कागदोपत्री तुम्ही निर्दोष आहात, असं मी तिला सांगितलं. नवऱ्यानेही खरं सांगितलं आहे, तो न्यायला यायला तयार आहे, हेही सांगितलं.

“कोणाक सांगितल्यान?” तिने विचारलं.

“मला.”

“तुमकां एकट्याक?”

मी होय म्हटलं. तिने डॉलर घेतला आणि तसाच भावाच्या हातात दिला. “वितळय,” म्हणाली.

वस्तू खरी की खोटी, हे ठरवायला आमच्याकडे पंचनामे आहेत, तज्ज्ञ आहेत, भिंगं आहेत. या केसमध्ये आम्ही सगळं शोधून काढलं, एकही धागा सुटला नाही. आणि कुणाच्याही हाती काही लागलं नाही. माणूस बोलायला हवा त्या क्षणी बोलला नाही, तर नंतर त्याने सांगितलेलं सत्य फक्त फाइलीला उपयोगी पडतं. मी तिथून उठलो तेव्हा तिचा भाऊ शेगडी फुंकायला लागला होता.