कमलम्मांचं विरजण

अहमदपूरच्या त्या गल्लीत एखादं भांडं गळायला लागलं की बायका भंगारवाल्याची वाट पाहत नसत, कमलम्मांना हाक मारत. तळ गंजलेली ज्वारीची कोठी, गोडेतेलाचा पिचका डबा, तडा गेलेला माठ, टंचाईच्या वर्षी घेतलेला आणि आता चिरलेला निळा ड्रम, त्यांना काहीही चालायचं. कमलम्मा त्याला भोकं पाडत, खाली विटा लावत, तळाशी नारळाच्या शेंड्या अंथरत आणि भाजीच्या देठांवर वाळक्या पाल्याचा थर कसा द्यायचा ते दाखवत. शेवटी आपल्या परसातल्या चालू कोठीतली अर्धीमुर्धी कुजलेली काळी माती आणून त्यात कालवत. "दह्याला इरजण लागतंय, तसं ह्याला बी लागतंय," म्हणत. त्यांचं विरजण घातलं की वास येत नाही, खतही लवकर होतं, अशी गल्लीत ख्याती होती.

त्या मंगळवारी सकाळी अंघोळ करून कमलम्मा पूजेला बसल्या. गळ्यातली चांदीची डबी उघडली, आतलं रेशमी फडकं सोडलं आणि त्यांचा हात तसाच थांबला. फडक्यात लिंग नव्हतं, दीक्षेपासून अंगावर वागवलेलं इष्टलिंग. भस्माची गोळी होती, निम्मी चुरलेली.

सुपारीएवढं काळं गुळगुळीत लिंग आणि तेवढीच भस्माची पांढरी गोळी. पूजेत दोन्ही एकाच तबकात असत. काल पूजा आटोपताना सुनेनं, सुकन्यानं, दारातूनच सांगितलं होतं की संगमेश्वर मोंढ्यात निघाले आणि दुकानाच्या किल्ल्या घरीच राहिल्या. कमलम्मांनी तळहातावरचं लिंग क्षणभर तबकातल्या बेलपानांवर ठेवलं, उशाखालच्या किल्ल्या काढून दिल्या आणि परत येऊन, लेकाच्या विसरभोळेपणावर पुटपुटत, सवयीच्या हातांनी फडकं बांधलं. हातानं काय उचललं ते डोळ्यांनी पाहिलं नाही. मग रोजच्यासारखं तबकातलं निर्माल्य नेऊन कोठीत टाकलं.

म्हणजे त्या कालचा सबंध दिवस लिंगाशिवाय जेवल्या होत्या, पाणी प्यायल्या होत्या, झोपल्याही होत्या.

उदगीरकडच्या माहेरी, त्या लहान असताना, शेजारच्या एका काकूचं लिंग विहिरीत पडलं होतं. काकू काठावर बसून राहिली. विहीर उपसून लिंग हाती लागेपर्यंत तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही. आज्जी तेव्हा कमलम्मांचा हात धरून म्हणाली होती, "लिंग गेलं की अंग रिकामं. रिकाम्या घरात काय बी शिरतंय." काकूचे फुटलेले ओठ कमलम्मांना अजून आठवत होते. आणि आपण काल रात्री वरणभात मागून घेतला होता.

त्यांनी डबी बंद करून गळ्यात घातली, पदर नीट ओढला आणि परसात गेल्या. पडद्यामागून सुकन्यानं चहाला हाक मारली, तेव्हा पोट जड आहे म्हणाल्या. संगमेश्वर गाडी काढत होता. त्याला आज जाऊ नको म्हणावं, असं त्यांच्या ओठांवर आलं. पण का जाऊ नको, हे सांगावं लागलं असतं. गाडीचा आवाज वळणावर विरेपर्यंत त्या कान देऊन उभ्या होत्या.

मग कोठीचं झाकण काढलं. आत ऊब होती, वाफ तोंडावर आली. त्यांनी जुनं लुगडं पसरलं आणि ओंजळ ओंजळ बाहेर काढायला सुरुवात केली. कुजलेला पाला ओलाव्यानं गोळा होतो, काळा आणि गुळगुळीत. प्रत्येक गोळा हाताला लागला की त्या देवा म्हणत, आणि बोटांनी दाबला की फुटून चिखल व्हायचा. कालची काही बेलपानं सापडली. कण्हेरीची फुलं सापडली. कोठीचा तळ दिसला, शेंड्या दिसल्या. लिंग नव्हतं.

"आत्या, काय हुडकू लालाव?" सुकन्या मागं उभी होती.

"गांडुळं बघू लालेय," त्या म्हणाल्या. सुकन्यानं त्यांच्या हातांकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं, आणि आत गेली.

मग कमलम्मांना आठवलं. काल दुपारी बुद्धप्रिया आली होती.

बुद्धप्रिया मागच्या आळीतली अंगणवाडीची बाई. तिच्या घरची कपडे धुण्याची मशीन बिघडली होती आणि तिच्या आतला भोकाभोकांचा ड्रम तिनं खतासाठी ठेवून घेतला होता. आयतीच भोकं म्हणून कमलम्मांना त्याचं भारी कौतुक वाटलं होतं. त्यांनी स्वतः घमेलं भरून विरजण दिलं होतं, कोठीच्या वरच्या थरातलं. त्याच थरात सकाळचं निर्माल्य होतं.

त्या तशाच मातीच्या हातांनी निघाल्या. बुद्धप्रियाच्या दाराला कुलूप होतं, अंगणवाडी सुटायला अवकाश होता. बाजूच्या तारेच्या जाळीतून परस दिसत होतं आणि ड्रमही दिसत होता. ड्रमवर कोंबड्या होत्या.

एक कोंबडी आत उतरून दोन्ही पायांनी माती उकरत होती. काळी ढेकळं उडून खाली पडत होती, काही घरंगळत मागच्या नालीच्या कडेपर्यंत जात होती. नाली उघडी, वाहती. कमलम्मा जाळीला धरून हुश हुश करू लागल्या. कोंबडीनं मान वाकडी करून त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा उकरायला लागली. त्यांनी खडा मारला, तो जाळीलाच लागून परत आला. प्रत्येक ढेकूळ घरंगळलं की त्या डोळ्यांनी त्याच्याबरोबर नालीपर्यंत जात. एक पडलं. बुडताना त्याचा आवाज झाला. माती बुडाली की दगड, ते कळलं नाही.

त्याच वेळी रस्त्यावर कुठंतरी करकचून ब्रेक लागला आणि त्यांना संगमेश्वर आठवला. त्या पायरीवर बसल्या. तहान लागली होती. समोर बुद्धप्रियाचा माठ होता, त्यावर तांब्याही होता. काकूचे फुटलेले ओठ आठवून त्यांनी तोंड फिरवलं.

बुद्धप्रिया आली ती लांबूनच हसत. त्यांचं तोंड पाहिल्यावर तिचं हसू गेलं. कमलम्मा म्हणाल्या की चांदीचा चमचा चुकून विरजणात आलाय. तिनं कुलूप काढलं, कोंबड्या हाकलल्या आणि कोपऱ्यातलं खुरपं घेऊन ड्रममध्ये जोरानं घातलं. धारेचं पातं मातीत खसकन शिरलं. लिंगाला टवका गेला तर ते पुन्हा गळ्यात घालता येत नाही.

"खुरपं नको." कमलम्मांनी तिचं मनगट धरलं होतं. "चमचा न्हाई, माय. माझं लिंग हाय त्यात. कालपास्नं."

सकाळपासून हे पहिल्यांदा त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

बुद्धप्रियानं खुरपं बाजूला ठेवलं, चपला काढल्या, हात धुतले. घरातून धुतलेली चादर आणून अंथरली आणि मूठमूठ माती तीवर काढून बोटांनी पसरू लागली, तांदूळ निवडावेत तशी. कमलम्मा नालीच्या कडेचं एकेक ढेकूळ फोडत होत्या.

"मावशी," बुद्धप्रिया हळूच म्हणाली. "हे बघा. फुटंना हे." तिची बोटं जिथल्या तिथं थांबली होती. "मी उचलू का तुम्ही घेताव?"

कमलम्मांनी पाहिलं. वाकायला गेल्या, पण हात इतका थरथरत होता की पुन्हा मातीतच जाईल असं वाटलं. सबंध आयुष्यात ते त्यांच्या आणि दीक्षा देणाऱ्या स्वामींच्या हाताखेरीज कुणाच्या हाती गेलं नव्हतं.

"तूच दे," त्या म्हणाल्या आणि डावा तळहात पुढं केला.

लिंग ऊन होतं. खतात राहून तापलेलं, अंगाला अंग लागावं तसं. त्यांनी मूठ मिटली, छातीशी धरली आणि तिथंच मातीत बसून राहिल्या.

घरी येऊन अंघोळ केली, पूजा केली, तेव्हा दिवस कलला होता. ताट वाढलेलं होतं. पण संगमेश्वरची गाडी दारात येईपर्यंत त्यांनी घास उचलला नाही, आणि तो हातपाय धुऊन शेजारी बसल्यावर झालेलं सगळं त्याच्यासमोर, सुकन्यासमोर सांगितलं. उद्या मठात जाऊन स्वामींनाही सांगायचं म्हणाल्या. ते काय म्हणतील, या विचारानं भाकरीचा पहिला तुकडा बराच वेळ तोंडात घोळत राहिला.

विरजण त्या अजून देतात. मात्र घमेल्यातली माती आधी बोटांनी चाचपतात, आणि मधेच मातीचा तोच हात पदराआड जाऊन डबी दाबून पाहतो.