कुलपं निघाली तो आठवडा

नांदेडच्या फार्मसी कॉलेजात मी शिकवायला लागले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी प्राचार्य सरांनी मला ग्रंथालय समितीची सचिव केलं. नव्या माणसाच्या गळ्यात समिती घालायची, ही सगळ्याच कॉलेजांची रीत. सचिवाचं काम म्हणजे बैठकीला चहा सांगायचा आणि इतिवृत्त लिहायचं, एवढीच माझी समजूत होती.

मग एका कार्यशाळेसाठी लातूरला गेले. तिथल्या कॉलेजचं ग्रंथालय बघितलं आणि दारातच उभी राहिले. पुस्तकं उघड्या मांडण्यांवर होती! पोरं स्वतः जाऊन पुस्तक काढत होती, चाळत होती, परत ठेवत होती. आमच्याकडे सगळी पुस्तकं काचेच्या कपाटात, कुलूपबंद. नाव चिठ्ठीवर लिहून खिडकीतून द्यायचं आणि वाट बघायची. मी शिरूर अनंतपाळची. लातूरहून घर जवळ, आई जेवायला वाट बघत होती. पण मी घरी न जाता सरळ नांदेडची बस धरली. कधी एकदा सरांना सांगते असं झालं होतं.

पुढच्या बैठकीत मी विषय मांडला. आमच्या ग्रंथपाल मॅडम एकदम ताठ झाल्या. वीस-बावीस वर्षांची नोकरी, सगळं कसं जागच्या जागी.

"पुस्तक हरवलं की ते माझ्या नावावर पडतं," त्या म्हणाल्या. "तपासणीला माणसं आली की उत्तर मी देते. तुम्ही न्हाई देत."

वनस्पतिजन्य औषधं शिकवणारे आमचे ज्येष्ठ सर त्यांच्या बाजूने झाले. "मुलांना जे पाहिजे ते चिठ्ठीवर मिळतंच आहे की."

समितीवर विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून तिसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, देगलूरची. तोवर ती एक अक्षर बोलली नव्हती. ती उठून उभी राहिली.

"सर, कोणतं पुस्तक हाय तेच ठाऊक न्हाई, तर चिठ्ठीवर लिहावं काय?"

प्राचार्य सर हसले आणि म्हणाले, "आठ दिवस करून बघू. नंतर मोजणी. मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चाव्यांचा जुडगा माझ्यासमोर ठेवला. राग होता, पण त्या कामाला उभ्या राहिल्या. कडेच्या दोन कपाटांच्या चाव्याच नव्हत्या. जुन्या गावातून चावीवाले चाचा बोलावले. त्यांनी तार फिरवत विचारलं, "मॅडम, आत सोनंनाणं हाय काय?"

"किताबा हायत, चाचा," मी म्हणाले.

"या अल्ला! मग एवढं भारी कुलूप कशाला?" खट्ट करून कुलूप निघालं आणि मागे उभ्या पोरांनी टाळ्याच वाजवल्या. मीही वाजवल्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग मी थांबले.

त्या कपाटात औषधी वनस्पतींचा एक रंगीत चित्रसंग्रह निघाला. पानं एकमेकांना चिकटलेली, म्हणजे कुणी कधी उघडलाच नव्हता. देगलूरच्या मुलीने तो मोठ्या टेबलावर आणला आणि बघता बघता टेबलाभोवती गर्दी झाली.

"अरे, ही तर निरगुडी! आमच्या किनवटला रानभर हाय," एक मुलगा ओरडला.

"आमच्या घरी वाविली म्हणतात," देगलूरची मुलगी म्हणाली. तिच्या घरात तेलुगू चालते.

उदगीरचा एक जण मागून मान लांब करत म्हणाला, "आमची आजी कानडीत लक्की म्हणते."

आमच्याकडे गुडघा धरला की हाच पाला गरम करून बांधतात, असं मीही सांगून टाकलं. एकच गलका झाला. तो ऐकून ज्येष्ठ सर तरातरा आत आले. आता ओरडणार, असं वाटून पोरं बाजूला सरकली. सर टेबलाशी आले, चित्रावर वाकले, चष्मा वर केला.

"यातलं तेल कुठे असतं, सांगा बरं? पानात की मुळात?" त्यांनी विचारलं आणि खुर्ची ओढून बसले. घंटा झाली तरी कुणी उठेना. तेही उठेनात!

त्या आठवड्यात माझे पाय जमिनीवर नव्हते. तास संपला की मी ग्रंथालयात पळायची. मॅडम पहिले दोन दिवस दाराशी खुर्ची टाकून पोरांच्या पिशव्यांकडे बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी बघते तर खुर्ची रिकामी. मॅडम मांडण्यांच्या मधे उभ्या राहून पहिल्या वर्षाच्या एका मुलीला सांगत होत्या, "ते नको घेऊ, लई अवघड हाय. आधी हे वाच." कोणतं पुस्तक सोपं, कोणतं कठीण, हे त्यांना पाठ होतं. इतकी वर्षं खिडकीतून त्यांना कुणी ते विचारलं नव्हतं.

मोजणी झाली. एक पुस्तक कमी भरलं. आम्ही टेबलांखाली बघितलं, वसतिगृहात निरोप दिला, ते मिळालं नाही. माझा चेहरा पडला. सगळं मीच सुरू केलं होतं आणि बैठकीत तोंड वर करायची हिंमत होईना.

प्राचार्य सरांनी मॅडमना विचारलं, "मग? कपाटं बंद करायची?"

मॅडमनी मोजणीची वही मिटली. मग म्हणाल्या, "एक गेलं, सर. वाईट वाटून राहिलंय मला. पण बाकीची पोरांनी हातात तरी घेतली. चालू ठेवा. फक्त गेलेलं पुस्तक माझ्या एकटीवर टाकू नका, समितीनं घ्यावं."

"हाव, समितीवर घ्या," ज्येष्ठ सर सगळ्यांच्या आधी बोलले. ठराव झाला. आनंदाच्या भरात इतिवृत्तातली ती ओळ मी दोनदा लिहिली.

दाराबाहेर पोरं थांबली होती. सांगायचं मी ठरवलं होतं, पण मॅडम माझ्या पुढे गेल्या. "उद्यापासून उघडंच," त्या म्हणाल्या, "पण पुस्तक जिथून काढलं तिथंच ठेवायचं, कळलं का?" पुढे त्या काय म्हणाल्या ते त्या आरड्याओरड्यात कुणालाच ऐकू आलं नाही.